लाल जॅकेटची किंमत कोण मोजतं?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत गेले तीन महिने एकच वाद धुमसतोय. सातव्या मजल्यावरच्या कुटुंबाने बीगल पाळलाय. कमिटीने नोटीस लावली की पाळीव कुत्र्यांना पुढच्या लिफ्टने आणायचं नाही, मागच्या सामानाच्या लिफ्टने न्यायचं. आठवडाभरात त्या बीगलच्या अंगावर लाल जॅकेट आलं, त्यावर ‘सर्व्हिस डॉग’, म्हणजे दिव्यांग माणसाच्या मदतीसाठी शिकवलेला कुत्रा, असे शब्द शिवलेले, आणि सेक्रेटरींच्या टेबलावर ऑनलाइन काढलेलं एक रंगीत प्रमाणपत्र. घरात दिव्यांग कोणी नाही, हे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केलं. पण तोवर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन फळ्या पडल्या होत्या. एका फळीचं म्हणणं, कुत्रेवाले माजलेत. दुसरीचं म्हणणं, तुम्हाला मुक्या जिवाची दया नाही. शेकडो मेसेज मी वाचले. केस, लघवी, रेबीज, भूतदया, संविधान, सगळं येऊन गेलं. जॅकेटवरचे ते दोन शब्द मुळात कुणासाठी आहेत, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. घरच्या लाडक्या कुत्र्याला सर्व्हिस डॉग म्हणून पुढे करणं म्हणजे कमिटीला दिलेला शह नाही. अंध, कर्णबधिर, व्हीलचेअरवर बसणाऱ्या माणसाच्या ताटातलं ते उचलणं आहे. आणि मुंबईत तर हे ताट अजून वाढलंही गेलेलं नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी खरा मार्गदर्शक कुत्रा रस्त्यावर कधी पाहिलेला नाही. म्हणजे जो हक्क अजून धड जन्मालाच आलेला नाही, तो आपण जन्माआधीच बदनाम करतोय. लिफ्टची नोटीस चुकीची आहे, हेही मी तितक्याच ठामपणे म्हणते. पण कमिटीशी भांडण आहे म्हणून तिसऱ्याच माणसाच्या खिशात हात घालायचा?

तावातावाने लिहितेय, त्याला कारण आहे. बरीच वर्षं मी अंध विद्यार्थ्यांची लेखनिक म्हणून परीक्षेला बसत असे. तो सांगणार, मी लिहिणार. त्यातला एक मुलगा आज फोर्टातल्या एका बँकेत नोकरी करतो. डोंबिवलीहून दिव्यांग डब्यातून येतो, पांढरी काठी घेऊन. मागे एकदा मी त्याला विचारलं, परदेशात असतो तसा कुत्रा तू का नाही घेत? तो म्हणाला, “ताई, तो शिकवणार कोण? स्टेशनबाहेरची भटकी कुत्री त्याला सुखाने चालू देतील का? आणि समजा मिळाला, तरी काठीला आजवर कोणी अडवलं नाही. कुत्र्याला प्रत्येक दारात अडवतील.” हे बोलणं लाल जॅकेटच्या आधीचं आहे. आता आमच्याच इमारतीचा वॉचमन असं जॅकेट दिसलं की हसतो. उद्या हा मुलगा खरा कुत्रा घेऊन मला भेटायला आला, तर त्याच्या वाट्याला हेच हसू येणार.

खरा सर्व्हिस डॉग काय करतो, हे माहीत नसल्यामुळेच त्याची नक्कल इतकी स्वस्त वाटते. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये जर्मनीत ओल्डेनबुर्ग इथे मार्गदर्शक कुत्र्यांची शाळा निघाली. १९२८ मध्ये मॉरिस फ्रँक नावाचा अंध अमेरिकन तरुण स्वित्झर्लंडमध्ये शिकून बडी नावाच्या कुत्रीसह परतला आणि न्यूयॉर्कचा वाहता रस्ता त्याने तिच्या भरवशावर पत्रकारांसमोर ओलांडून दाखवला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ‘द सीईंग आय’ ही संस्था उभी राहिली. तेव्हापासून या कामाची मागणी फारशी बदललेली नाही. कुत्र्याने फुटपाथच्या कडेला थांबायचं, डोक्याला लागेल अशी फांदी चुकवायची, खाली पडलेल्या वड्याकडे पाहायचं नाही, दुसरं कुत्रं भुंकलं तरी मान वळवायची नाही. सगळ्यात अवघड म्हणजे, मालकाने ‘चल’ म्हटलं आणि समोरून गाडी येत असली तर ती आज्ञा मोडायची. कधी ऐकायचं आणि कधी ऐकायचं नाही, ही समज कुत्र्यात रुजवायला दीड-दोन वर्षं जातात, आणि इतकं करूनही शिकणारा प्रत्येक कुत्रा या कामाला लायक ठरत नाही. कर्णबधिर माणसाला दाराची बेल कळवणारा, व्हीलचेअरवरच्या बाईला पडलेली किल्ली उचलून देणारा, असे बाकीचे प्रकारही याच शिस्तीतून तयार होतात.

मुंबईकरांना कामाचा कुत्रा म्हणजे काय हे सांगायला खरं तर परदेशात जायची गरज नाही. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या झंजीर नावाच्या लॅब्रॅडॉरने तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स हुडकून काढलं. २००० मध्ये तो गेला तेव्हा शहर हळहळलं. २६/११ च्या रात्री मॅक्स, सीझर, टायगर आणि सुलतान हे चार श्वान त्यांना हाताळणाऱ्या पोलिसांबरोबर गोळीबाराच्या टापूत उतरले. झंजीरला आपण मान दिला तो त्याच्या नाकाला आणि त्यामागच्या शिक्षणाला. उद्या कुणी आपल्या घरच्या कुत्र्याला पोलिसी पट्टा चढवून सीएसएमटीच्या फाटकातून न तपासता आत सोडा म्हणाला, तर आपल्याला राग येईल की नाही? मग अंध माणसाचे डोळे होणाऱ्या कुत्र्याचं नाव कुणीही लावलं तर तोच राग का येऊ नये?

आता समोरच्या बाजूचं ऐकते, कारण त्यांच्या बोलण्यात दम आहे.

पहिली गोष्ट, सोसायट्यांचा जाच खरा आहे. भाड्याने घर शोधताना कुत्रा आहे म्हटलं की फोन ठेवला जातो. म्हाताऱ्या माणसाला सामानाच्या लिफ्टपाशी तिष्ठत ठेवलं जातं. उपविधीत नसलेले दंड लावले जातात. असल्या कमिटीशी खोटं बोलणं ही स्वसंरक्षणाची तऱ्हा आहे, असं सातव्या मजल्यावरच्या वहिनी मला म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांचा त्रास दिसतो. पण त्यांच्या हातात खरं हत्यार असताना त्यांनी खोटं उचललं, हे मला जास्त लागतं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेने बहुमताने ठराव केला तरी नाही. लिफ्ट वापरू देणं नाकारता येत नाही. कुत्रा लहान की मोठा, यावरून भेद करता येत नाही. म्हणजे त्या बीगलला पुढच्या लिफ्टने जाण्यासाठी कुठलंच जॅकेट लागत नव्हतं. पाळीव कुत्रा म्हणूनच त्याची बाजू भक्कम होती. जॅकेट घातलं आणि झालं काय? ‘साध्या कुत्र्याला हा अधिकार नाही, विशेष कुत्र्यालाच आहे’ हे कमिटीचं म्हणणं त्यांनी स्वतःहून कबूल केलं. तिसऱ्या मजल्यावर आजोबांचा एक म्हातारा पामेरियन आहे. त्याला जॅकेट नाही. तो अजून मागच्याच लिफ्टने जातो.

दुसरा मुद्दा मला जास्त अवघड वाटतो. मनाचा आजार दिसत नाही. घरी एकटी राहणारी, रात्री-अपरात्री छाती धडधडून उठणारी बाई कुत्र्याच्या अंगावर हात ठेवून शांत झोपते. तिला कोणत्या तोंडाने म्हणायचं की तुझी गरज खोटी आहे? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आला, तेव्हा दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. त्यात मानसिक आजार आहे, स्वमग्नता आहे. मनाचं दुखणं शरीराच्या दुखण्याइतकंच खरं, हे मानायला आपल्या समाजाला फार उशीर लागला आणि मागे जाण्याची माझी अजिबात इच्छा नाही. म्हणून रेघ शरीर आणि मन यांच्यामध्ये ओढायचीच नाही. ती कुत्र्याच्या शिक्षणापाशी ओढायची. झटका यायच्या आधी ओळखून मालकिणीला खाली बसवायला, गर्दीत तिच्याभोवती जागा करायला, औषधाची वेळ आठवून द्यायला शिकवलेला कुत्रा हा पुरता सर्व्हिस डॉग आहे, तिचा आजार बाहेरून दिसो वा न दिसो. नुसत्या सहवासाने धीर देणारा कुत्रा हीदेखील फार मोठी गोष्ट आहे. माझे वडील आईच्या मागे चार वर्षं जगले ते आमच्या मोत्यामुळे, असं मी आजही मानते. पण मोत्या इस्पितळाच्या वॉर्डात गेला असता तर घाबरून टेबलाखाली शिरला असता, नाहीतर कुणाला चावला असता. त्याने आधार दिला म्हणून तो वॉर्डात वागायला शिकलेला ठरत नाही. सार्वजनिक जागेत प्रवेशाचा प्रश्न कुत्रा तिथे नीट वागेल का, याचा आहे. आपण किती दुःखी आहोत याचा तो मापदंड नव्हे.

तिसरा मुद्दा सगळ्यात जास्त ऐकू येतो: यात नुकसान कुणाचं झालं? एक कुत्रा लिफ्टने गेला, मॉलमध्ये फिरला, कॅफेत खुर्चीखाली बसला. कुणाचं काय गेलं?

लोकलच्या दिव्यांग डब्यात रोज सकाळी कुणाचं काय जातं? धडधाकट माणूस चढतो, म्हणतो दोनच स्टेशनं जायचंय. मग त्याला शोधण्यासाठी तपासणी होते, आणि तपासणीत सापडतो कोण? माझा बँकेतला मुलगा सांगतो, ज्याचा कृत्रिम पाय पँटखाली झाकलेला आहे त्याला पँट वर करून दाखवावी लागते. कर्णबधिर मुलगी नीट चालताना दिसते म्हणून बायकाच तिला उतर म्हणतात. दुसऱ्याच्या खोटेपणाचा दंड खरा माणूस आपल्या अब्रूने भरतो. लेखनिकांचंही तेच झालं. लेखनिकाच्या आडून भलत्याच हुशार माणसाने पेपर सोडवू नये, म्हणून २०१८ च्या केंद्र सरकारच्या नियमांत उमेदवाराने स्वतः आणलेल्या लेखनिकाचं शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी कमी असावं असं आलं. धोका खरा होता, नियमामागचा हेतू मला कळतो. पण परिणाम असा झाला की पदवीच्या परीक्षेला बसणाऱ्या अंध मुलीला मला लेखनिक म्हणून नेता येईना, आणि तिचे शब्द नीट लिहील असा बारावीतला मुलगा शोधत तिची परीक्षेआधीची रात्र जाऊ लागली. २०२४ मध्ये आपल्या राज्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला. त्या प्रकरणात खरं काय ते न्यायालय ठरवेल. पण त्याच धुरळ्यात दुसऱ्या राज्यातल्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने प्रशासकीय सेवेत दिव्यांगांना आरक्षण असावंच का, असा जाहीर प्रश्न केला. संशय एका कागदावर होता. तो बघता बघता सगळ्या दिव्यांगांवर गेला.

कुत्र्यांच्या बाबतीत हीच वाट अमेरिका आपल्या आधी चालून गेली आहे. तिथला १९९० चा दिव्यांगांसाठीचा कायदा उदार आहे. सर्व्हिस डॉगला नोंदणी लागत नाही, प्रमाणपत्र लागत नाही, कारण दिव्यांग माणसाला दारोदार कागद दाखवायला लावणं हाच अपमान आहे, अशी त्यामागची भूमिका आहे. हा विश्वास सुंदर होता. मग ऑनलाइन जॅकेटं आणि पत्रं विकणाऱ्यांचा बाजार फोफावला. विमानात भावनिक आधाराच्या नावाखाली लोक काहीही आणू लागले. २०१८ मध्ये नेवार्क विमानतळावर एका प्रवाशाचा मोर अडवला गेला, त्याच्या बातम्या जगभर झाल्या. २०२० च्या अखेरीस तिथल्या परिवहन खात्याने नियम बदलला: भावनिक आधाराच्या प्राण्यांना पाळीव प्राणीच मानण्याची विमान कंपन्यांना मोकळीक मिळाली. आणि खऱ्या सर्व्हिस डॉगच्या मालकांना काय मिळालं? फॉर्म. कुत्र्याचं आरोग्य, शिक्षण, वर्तन यांची लेखी हमी विमान कंपनी आता आगाऊ मागू शकते. तीस वर्षं जो माणूस नुसत्या शब्दावर विमानात चढत होता, त्याला दुसऱ्याच्या मोरापायी कागद भरावे लागतात.

आपल्या शहरालाही हा धडा नवा नाही. जून १८३२ मध्ये मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली. सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावलं. पारशी समाजाला कुत्रा पवित्र, त्यामुळे मुळात संताप होताच. पण भडका उडाला तो मारेकरी पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले तेव्हा. हुकूम भटक्यांपुरता होता, पण पैसा प्रत्येक शेपटीमागे मिळत होता. भटकं आणि पाळीव यांतली रेघ पुसण्यात कमाई दिसली की ती पुसली जाणारच. तेव्हा आठ आणे होते, आज लिफ्ट आहे, मॉल आहे, कॅफे आहे. पांढऱ्या काठीची नक्कल कोणी करत नाही, कारण ती हातात धरून काही मिळत नाही. २०१७ पर्यंत लाल दिव्याची नक्कल होत होती, कारण तो लावला की सिग्नल मोकळा व्हायचा. त्या वर्षी मे महिन्यात मंत्र्यांच्या गाड्यांवरचे दिवे उतरले. गाडीच्या काचेवरच्या ‘प्रेस’च्या स्टिकरांचीही अशीच नक्कल होते.

म्हणून उपाय शोधताना ‘सगळ्यांना कार्ड द्या’ या आवडत्या सरकारी वाटेने जाऊ नये असं मला वाटतं. कार्ड छापता येतं, आणि ते मागण्याची सवय एकदा लागली की ज्याचं घरी राहिलं तो खरा माणूस बाहेर उभा राहतो. आपल्या २०१६ च्या कायद्यात प्रशिक्षित कुत्र्याला सोबत नेण्याच्या हक्काचं वेगळं कलम नाही. ते यायला हवं, आणि येईल तेव्हा अमेरिकेच्या जुन्या नियमातला एक भाग जसाच्या तसा घ्यावा. तिथे दारावरचा माणूस दोनच प्रश्न विचारू शकतो: दिव्यांगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे? आजार विचारायचा नाही, कागद मागायचा नाही, करून दाखव म्हणायचं नाही. पण कुत्रा आवरत नसेल आणि मालक त्याला आवरत नसेल, किंवा त्याने जागा घाण केली, तर त्याला बाहेर काढता येतं, मग तो खरा सर्व्हिस डॉग असला तरी. ही शेवटची अट मला फार न्यायाची वाटते. तिच्यामुळे वॉचमनला आजाराचा न्यायाधीश व्हावं लागत नाही. त्याने फक्त समोरचं वागणं पाहायचं.

फसवणुकीला शिक्षा हवी का? कायद्यात ती आहेच. दिव्यांगांसाठीचा लाभ लबाडीने घेतला तर २०१६ च्या कायद्याच्या ९१ व्या कलमात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. लिफ्टच्या भांडणात कोणी ती वापरावी असं मी म्हणत नाही. वहिनींना तुरुंगात पाठवून कोणाचं भलं होणार नाही. नकलेतला फायदा काढून घेणं हेच जास्त कामाचं. पाळीव कुत्र्याला पाळीव म्हणूनच पुढच्या दाराने येता आलं, तर खोटं जॅकेट विकत घ्यायचं कारण उरत नाही. काही कॅफे आता उघडपणे कुत्र्यांना येऊ देतात. अकासा एअरने २०२२ पासून लहान पाळीव प्राणी प्रवाशाबरोबर केबिनमध्ये न्यायला सुरुवात केली. वजनाची मर्यादा आहे, पैसे पडतात, पण तिथे कुणाला आजारी असल्याचं सोंग करावं लागत नाही.

पुढच्या महिन्यात आमची सर्वसाधारण सभा आहे. मी दोन ठराव लिहून सेक्रेटरींकडे दिले आहेत. पहिला: लिफ्टची नोटीस मागे घ्यावी, पट्टा लावलेला, महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस असलेला कोणताही पाळीव कुत्रा कोणत्याही लिफ्टने जाईल, आणि घाण झाल्यास मालक साफ करेल. दुसरा: कोणी दिव्यांग पाहुणा किंवा रहिवासी प्रशिक्षित कुत्रा घेऊन आला, तर वॉचमनने फाटक उघडावं, ते दोन प्रश्न सोडून काही विचारू नये, आणि ते प्रश्न कोणते हे वॉचमनच्या केबिनमध्ये मराठीत आणि हिंदीत लिहून लावावं. पहिल्या ठरावाला सातव्या मजल्यावरच्या वहिनी आनंदाने सूचक झाल्या. दुसऱ्याला त्यांनी अनुमोदन द्यावं, आणि सभेला येताना ते लाल जॅकेट घरी ठेवावं, असं मी काल त्यांना जाऊन सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग बीगलच्या पाठीवरचा बंद त्यांनी माझ्यासमोरच सोडला आणि विचारलं, “तुमचा तो बँकेतला मुलगा सभेला येईल का?”